अर्धा थर मावत नाही

द्रवाला स्वतःचा आकार नसतो, तो भांड्याचा आकार घेतो, असं आपण शाळेत शिकतो. पण भांड्याच्या दोन भिंतींमध्ये जेमतेम एक नॅनोमीटर अंतर उरलं तर? पाण्याचा रेणू साधारण 0.28 नॅनोमीटर रुंद. म्हणजे त्या फटीत एकावर एक तीनच रेणू बसणार.

अशा फटी आता खरोखर बनवता येतात. 2004 मध्ये मँचेस्टरला आंद्रे गाइम आणि कॉन्स्टंटिन नोव्होसेलोव्ह यांनी ग्राफाइटपासून ग्राफीन, म्हणजे एका अणूइतका जाड कार्बनचा थर, सुटा केला. पुढे 2016 मध्ये गाइम यांच्या गटाने ग्राफीनच्या पट्ट्या ग्राफाइटच्या दोन स्फटिकांमध्ये टेकूसारख्या ठेवून पाण्यासाठी बोगदे तयार केले.

आतले रेणू काय करतात, ते मात्र संगणकाला विचारावं लागतं. हैदराबादला जन्मलेल्या अनीसुर रहमान यांनी 1964 मध्ये 864 अरगॉन अणूंचा द्रव संगणकात हलवून दाखवला. पद्धत आजही तीच आहे: प्रत्येक अणूवर शेजाऱ्यांचं किती बल पडतं ते काढायचं, न्यूटनच्या नियमाने अणू किंचित सरकवायचा, पुन्हा बल काढायचं. पाण्यासाठी एक पाऊल साधारण एका फेम्टोसेकंदाचं, म्हणजे नॅनोसेकंदाच्या दहा लाखाव्या भागाचं. नॅनोसेकंदभराची हालचाल पाहायची तर दहा लाख पावलं.

त्यातून भिंतीपासून कुठे किती दाट रेणू आहेत, असा घनतेचा जो आलेख निघतो, तो मला फार आवडतो. मोकळ्या द्रवात ती रेघ सरळ जाते. भिंतीजवळ तिला लाटा येतात. सपाट भिंत ओलांडता येत नाही आणि मागून शेजारी ढकलत असतात, म्हणून रेणू भिंतीलगत दाटीने बसतात. हा पहिला थर दुसऱ्यासाठी भिंत होतो, पण जरा खडबडीत. तीन-चार रेणूंनंतर शिस्त विरून जाते. आता समोर दुसरी भिंत आणा. दोन्हीकडच्या लाटा एकमेकींना भेटतात. फटीत पूर्ण थर मावत असतील तर त्या जुळतात. अडीच थरांची जागा असेल तर रेणूंना धड दोन थरांत बसता येत नाही, धड तीनांतही नाही. म्हणून फट हळूहळू मिटवत नेली की भिंतींमधलं बल एकदा ढकलतं, एकदा ओढतं, पुन्हा ढकलतं, आणि या हेलकाव्याचं अंतर रेणूच्या रुंदीएवढं असतं. 1981 मध्ये हॉर्न आणि इस्राएलाश्विली यांनी अभ्रकाच्या दोन पत्र्यांमध्ये मोठ्या, गोलसर रेणूंचा द्रव ठेवून हे हेलकावे प्रत्यक्ष मोजले.

‘षट्कोनी पाणी’ म्हणून बाटल्या विकणारे याच रचनेचा हवाला देतात. तो साफ खोटा आहे. रचना भिंतीमुळे असते. मोकळ्या पाण्यात रेणूंना एकमेकांशी जोडणारे हायड्रोजन बंध पिकोसेकंदाच्या (नॅनोसेकंदाचा हजारावा भाग) हिशोबात तुटतात आणि नव्याने जुळतात. बाटलीत टिकेल असं तिथे काहीच नसतं.

थर जुळले म्हणजे वाहणंही सारखंच असेल, असंही नाही. बोरॉन नायट्राइड, म्हणजे बोरॉन आणि नायट्रोजनचं संयुग, त्याची जाळी ग्राफीनसारखीच षट्कोनी. 2014 च्या एका सिम्युलेशनमध्ये दोन्हींवर पाण्याचे थर जवळपास सारखे दिसले, पण बोरॉन नायट्राइडवरचं घर्षण सुमारे तिप्पट निघालं. त्यावरून सरकताना रेणूला ऊर्जेचे चढ-उतार जास्त लागतात. हा फरक पकडायला बलं ठरीव सूत्रांतून न घेता इलेक्ट्रॉनांच्या पुंजभौतिकीतून दर पावलाला काढावी लागली, आणि तसं केलं की काही शेकडो रेणू आणि काही डझन पिकोसेकंद एवढ्यातच संगणकाची ताकद संपते. त्यामुळे आता आधी ती महागडी गणितं थोडीशी करून त्यांवर न्यूरल नेटवर्क, म्हणजे उदाहरणांवरून शिकणारा संगणकी प्रोग्रॅम, शिकवतात, आणि पुढची लाखो पावलं बलाचा अंदाज त्याच्याकडून घेतात.