नॅशनल लीग, २०२२–२३ हंगाम

इंग्लंडच्या फुटबॉल रचनेतील पाचव्या पायरीच्या स्पर्धेचा हंगाम. प्रीमियर लीग आणि तिच्याखालचे तीन विभाग सोडले, तर उरलेल्या सगळ्या फुटबॉलला तिकडे ‘नॉन-लीग’ म्हणतात. नॅशनल लीग हा त्यातला सर्वांत वरचा विभाग. संघ २४, प्रत्येकाचे सामने ४६. वरच्या लीग टूमध्ये (चौथ्या पायरीवर) थेट जातो तो फक्त विजेता. बढतीची दुसरी जागा क्रमांक दोन ते सातच्या संघांनी बाद फेरी खेळून मिळवायची. हा नियम किती कठोर आहे, ते या हंगामाइतके क्वचितच कधी दिसले असेल.

रेक्सहॅम (वेल्समधला, पण इंग्लंडच्या रचनेत खेळणारा क्लब) २००८ पासून नॉन-लीगमध्ये अडकला होता. २०२१ मध्ये रायन रेनॉल्ड्स आणि रॉब मॅकेल्हेनी या अभिनेत्यांनी तो विकत घेतला आणि जगाचे लक्ष तिकडे गेले. प्रतिस्पर्धी होता १८६२ मध्ये स्थापन झालेला नॉट्स काउंटी, जगातला सर्वांत जुना व्यावसायिक फुटबॉल क्लब. त्याच्या मॅकॉले लँगस्टाफने लीगमध्ये विक्रमी ४२ गोल केले, तर रेक्सहॅमच्या पॉल मुलिनने ३८.

१० एप्रिल २०२३ ला दोघे रेक्सहॅमच्या रेसकोर्स मैदानावर भिडले, तेव्हा दोघांचेही बरोबर १०० गुण होते. रेक्सहॅम ३–२ ने पुढे, भरपाई वेळ संपत आलेली, आणि काउंटीला पेनल्टी मिळाली. सेड्विन स्कॉटने चेंडू मारला. रेक्सहॅमच्या गोलपुढे इंग्लंडचा माजी गोलरक्षक बेन फॉस्टर उभा होता. निवृत्ती मोडून तो जेमतेम काही आठवड्यांपूर्वी संघात आला होता. त्याने झेप घेऊन चेंडू अडवला. पुढे २२ एप्रिलला बोरहॅम वूडला ३–१ ने हरवून रेक्सहॅमने विजेतेपद पक्के केले.

शेवटी रेक्सहॅमचे गुण १११, काउंटीचे १०७. विभागाचा आधीचा विक्रम क्रॉली टाउनचा, २०१०–११ मधला, १०५ गुणांचा. म्हणजे जुना विक्रम मोडूनही काउंटी दुसराच राहिला. ४६ सामन्यांत हार फक्त तीन, गोल ११७ (रेक्सहॅमपेक्षा एक जास्तच), आणि तरीही बाद फेरी! तिसऱ्या क्रमांकावरचा चेस्टरफील्ड तब्बल २३ गुण मागे होता, पण बाद फेरीत त्या २३ गुणांना काहीच मोल नव्हते. हा सरळसरळ अन्याय आहे. बढतीच्या जागा दोनवरून तीन कराव्यात ही नॉन-लीगवाल्यांची मागणी म्हणूनच रास्त आहे.

उपांत्य सामन्यात काउंटी बोरहॅम वूडविरुद्ध ०–२ ने मागे होता; अतिरिक्त वेळेत तो ३–२ ने जिंकला. १३ मे रोजी वेम्बलीवर चेस्टरफील्डशी अंतिम सामना २–२ असा सुटला आणि निकाल पेनल्टींवर गेला. काउंटीने ४–३ ने बाजी मारली. निर्णायक पेनल्टी घ्यायला पुढे आला तो सेड्विन स्कॉट, आणि या वेळी चेंडू जाळ्यात गेला.

स्कंथॉर्प युनायटेड, येओव्हिल टाउन, टॉर्की युनायटेड आणि मेडस्टोन युनायटेड हे चार संघ सहाव्या पायरीवर घसरले.