आरोग्यसेवेचे अर्थकारण (मराठवाडा)

विकसनशील देशांत उपचारांचा पैसा कुठून येतो, कुणाकडे जातो आणि पैशाअभावी कोणते उपचार राहून जातात, याचा अभ्यास. अमेरिकी अर्थशास्त्रज्ञ केनेथ ॲरो यांनी १९६३ मध्ये दाखवले की आरोग्यसेवा इतर बाजारांसारखी चालत नाही. आजार सांगून येत नाही आणि कोणता उपचार लागेल हे पेशंटपेक्षा डॉक्टरला जास्त कळते. भारतात एकूण आरोग्यखर्चातला लोकांच्या खिशातून जाणारा वाटा २०१३-१४ मध्ये ६४.२ टक्के होता. २०२१-२२ मध्ये तो ३९.४ टक्क्यांवर आला.

मराठवाड्याच्या कोरडवाहू आठ जिल्ह्यांत दवाखान्याचे बिल हा खर्चाचा एक भागच असतो. बुडालेली मजुरी, गाडीभाडे आणि सोबत आलेल्या माणसाचा बुडालेला रोज सहसा हिशेबात धरला जात नाही.

याचे सर्वांत विदारक उदाहरण बीडच्या ऊसतोड महिलांचे. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’, म्हणजे मजुरीसाठी एकच जोडी. मुकादमाकडून आगाऊ घेतलेली रक्कम, म्हणजे उचल, हंगामभर फेडायची, आणि खाडा झाला तर दंड. फडावर ना संडास, ना पुरेसे पाणी. पाळीचा किंवा अंगावरून जाण्याचा त्रास झाला तरी सुट्टी परवडत नाही. अशा बाईला खासगी दवाखान्यात कॅन्सरची भीती घालून गर्भपिशवी काढायला सांगितले की ती तयार होते आणि ऑपरेशनसाठी पुन्हा कर्ज काढते. २०१९ मध्ये डॉ. नीलम गोऱ्हे समितीसमोर आलेल्या सर्वेक्षणात ८२,३०९ महिलांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशये काढलेली आढळली, म्हणजे साधारण सहातली एक. मजुरीची पद्धत आणि डॉक्टरवरचे अवलंबन एकत्र आले की काय होते, ते या आकड्यात दिसते. एवढ्या मोठ्या संख्येला बायकांची स्वखुशी म्हणणे अन्यायाचे आहे.

राज्याची राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २०१२ मध्ये नांदेडसह आठ जिल्ह्यांत सुरू झाली. पुढे तिला महात्मा फुले यांचे नाव मिळाले आणि २०२३ मध्ये विमा-संरक्षण दीड लाखावरून पाच लाखांवर नेण्याचा निर्णय झाला. मोठ्या ऑपरेशनसाठी तिचा आधार खरा आहे. पण बीपी-शुगरच्या रोजच्या गोळ्या आणि साधी तपासणी तिच्यात बसत नाही, आणि गरीब घर हळूहळू खचते ते याच खर्चाने. छत्रपती संभाजीनगरच्या घाटी या सरकारी रुग्णालयात किंवा अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ (स्वाराती) रुग्णालयात लोक पोचतात तेव्हा दुखणे अनेकदा वाढलेले असते.

याउलट तुळजापूर तालुक्यातल्या अणदूरच्या हॅलो मेडिकल फाउंडेशनने गावातल्याच बायकांना ‘भारतवैद्य’ म्हणून शिकवून साधे उपचार दारात आणले. त्यामुळे साध्या तापासाठी मजुरी बुडवून तालुक्याला जायची गरज उरत नाही.