ट्रेल कॅमेऱ्याने हरणांचे निशाचित्रण

ट्रेल कॅमेरा हे झाडाच्या खोडाला पट्ट्याने बांधून आठवडेच्या आठवडे जंगलात एकटेच सोडून देता येणारे, जेवणाच्या डब्याएवढे उपकरण असून समोरून जनावर गेले की ते आपोआप छायाचित्र घेते. वनखाते आणि संशोधक त्याला ‘कॅमेरा ट्रॅप’ म्हणतात. वाघ-बिबट्यांच्या गणनेमुळे त्याचे नाव झाले असले, तरी त्याच्या कार्डावर सर्वाधिक येतात ते तृणभक्षी प्राणी, आणि रात्रीच्या हरणांविषयी जे तो सांगू शकतो ते माणसाच्या डोळ्याला एरवी क्वचितच कळते. इंदूरच्या भोवतालचा प्रदेश, म्हणजे शहराला जवळजवळ टेकलेले रालामंडल अभयारण्य (स्थापना 1989) आणि महू, चोरल व मानपूरकडील विंध्य पर्वताच्या उताराचे सागाचे जंगल, हे या तंत्राचे गुण आणि मर्यादा समजून घेण्यास सोयीचे उदाहरण आहे.

‘हरीण’ हा शब्द मराठीत सैलपणे वापरला जातो. चितळ, सांबर आणि भेकर ही खऱ्या मृगकुळातील असून त्यांच्या नरांची शिंगे गळून पुन्हा नवी येतात. नीलगाय, चौशिंगा, चिंकारा व काळवीट हे प्राणी मात्र गाईगुरांच्या कुळातले, शिंगे न गाळणारे. ज्याला विदर्भात रोही म्हणतात तीच नीलगाय माळव्यातील शेतकऱ्याच्या तोंडी रोजडा किंवा घोडारोज होते. हा भेद केवळ पुस्तकी नाही. रात्रीच्या रंगहीन चित्रात सांबराची मादी आणि नीलगाईची मादी यांची गफलत चांगल्या जाणकाराकडूनही होते.

यंत्रामागील तत्त्वाबाबत एक गैरसमज फार पसरलेला आहे. हा कॅमेरा उष्णतेचे चित्र काढत नाही. त्यात दोन वेगवेगळ्या अवरक्त (इन्फ्रारेड) किरणांचा संबंध येतो आणि त्यांची कामे निराळी असतात. पहिले काम पीआयआर (पॅसिव्ह इन्फ्रारेड) सेन्सरचे. तो स्वतः काहीच सोडत नाही, फक्त समोरच्या दृश्यातून येणाऱ्या, सुमारे 8 ते 14 मायक्रोमीटर तरंगलांबीच्या उष्णताकिरणांवर लक्ष ठेवतो आणि आजूबाजूच्यापेक्षा वेगळ्या तापमानाची वस्तू त्याच्या एका पट्ट्यातून दुसऱ्यात सरकली की कॅमेरा जागा करतो. दुसरे काम दिव्यांचे. कॅमेऱ्याच्या तोंडावरील एलईडींची रांग क्षणभर पेटते, तिचा प्रकाश 850 किंवा 940 नॅनोमीटरचा असतो आणि तो परावर्तित होऊन साध्या कॅमेऱ्यासारख्याच संवेदकावर चित्र उमटते. दिवसा रंग खरे यावेत म्हणून बसवलेली अवरक्तरोधक काच रात्री बाजूला सरकते, म्हणून रात्रीचे चित्र कृष्णधवल असते. 850 नॅनोमीटरचे दिवे दूरवर पोहोचतात, पण त्यांची फिकट लाल लकाकी दिसते. 940चे दिवे जवळपास अदृश्य असतात आणि त्याची किंमत कमी पल्ल्याने मोजावी लागते. काच सरकताना होणारा बारीक ‘टक्’ आवाजही शांत रात्री सांबराच्या कानातून सुटत नाही. त्यामुळे एकामागोमाग तीन चित्रे घेण्याची सोय ठेवली, तर पहिल्यात चरणारे जनावर तिसऱ्यात थेट भिंगाकडे पाहताना सापडणे नेहमीचे आहे.

सगळा खेळ तापमानाच्या फरकावर चालत असल्यामुळे हवामानाला येथे फार महत्त्व येते. मे महिन्यात इंदूरकडे दुपारी पारा चाळिशीपलीकडे जातो आणि तापलेला खडक, पाचोळा व चितळाची पाठ यांच्यात सेन्सरला पकडता येईल असा फरकच उरत नाही. जनावर समोरून जाते आणि कार्ड कोरेच राहते. उलट, तापलेला वारा आणि उन्हाचे हलते कवडसे जनावर नसलेल्या चित्रांचा ढीग लावतात. रात्र पडली की चित्र पालटते. ‘शब-ए-मालवा’ म्हणून माळव्याच्या ज्या गार रात्रीचे कौतुक केले जाते, ती गच्चीवर झोपणाऱ्या इंदूरकरांइतकीच या सेन्सरलाही मानवते. त्याच मे महिन्यात पहाटे तापमान पंचविसाच्या आसपास उतरते आणि हरणाचे अंग पार्श्वभूमीवर स्पष्ट उठून येते. थंडीत तर कॅमेरा इतका तत्पर होतो की एरवी सुटून जाणारा ससाही नोंदला जातो. म्हणूनच उन्हाळ्यातील दिवसाच्या आणि रात्रीच्या चित्रांची संख्या सरळ शेजारी मांडून हरणे केव्हा अधिक हिंडतात हे ठरवणे धोक्याचे असते, कारण त्या फरकात जनावराची सवय किती आणि सेन्सरचे आंधळेपण किती हे वेगळे काढता येत नाही.

जागेची निवड हा अनुभवाचा भाग आहे. रालामंडलच्या टेकडीवर होळकरांची जुनी शिकारगाह अजून उभी आहे. जुना शिकारी ज्या हिशेबाने मचाणाची जागा ठरवी, म्हणजे पाणवठा, खारी माती, ओढा ओलांडण्याची जागा, तोच हिशेब कॅमेऱ्यालाही लागू पडतो. उन्हाळ्याच्या तोंडाशी मोहाइतकी खात्रीची जागा दुसरी नाही. मोहाची फुले मध्यरात्रीनंतर गळू लागतात आणि उजाडता उजाडता ती वेचायला टोपल्या घेऊन माणसे येतात. मधल्या तीन-चार तासांत सांबर आणि चितळ येऊन खाऊन जातात. चितळासाठी कॅमेरा गुडघ्याच्या किंचित वर बांधतात, सांबरासाठी थोडा आणखी वर. सेन्सरला अंगावर येणाऱ्यापेक्षा आडवे जाणारे जनावर लवकर कळते, पण वाटेला अगदी काटकोनात लावलेल्या कॅमेऱ्यात नुसते शेपूट मिळते. म्हणून वाटेशी तिरपा कोन साधतात. भिंगाचे तोंड उत्तरेकडे ठेवले की ऊन आत शिरत नाही. समोरचे गवत आणि जवळची फांदी काढली नाही, तर एलईडीचा सगळा प्रकाश त्या एका पानावर सांडतो आणि मागचे हरीण अंधारात बुडते. रात्रीतून भिंगासमोर कोळ्याने जाळे विणले, तर त्याचा एकेक धागा पांढऱ्या दोरखंडासारखा उमटतो.

चांगल्या चित्रात वाचण्यासारखे पुष्कळ असते. खालच्या पट्टीत तारीख, वेळ, तापमान आणि चंद्राची कला छापलेली असते. डोळ्यांच्या मागच्या परावर्तक पडद्यामुळे हरणाचे डोळे दोन पांढऱ्या टिकल्यांसारखे चमकतात, आणि झाडीत अंग दिसत नसले तरी टिकल्या मोजून कळपाचा अंदाज येतो. उतरती पाठ, गालावरचे पांढरे ठिपके आणि खुरांवरची पांढरी कडी दिसली की नीलगाय. मोठे पसरट कान आणि झुपकेदार शेपूट दिसले की सांबर. नराच्या शिंगांवर मखमल (वाढत्या शिंगांवरची केसाळ कातडी) असेल, तर अवरक्त प्रकाशात त्यांची कड मऊ, धूसर दिसते. मखमल झडलेली शिंगे टोकाला लखलखतात.

या तंत्राचा आरंभच हरणांपासून झाला, हे सहसा लक्षात घेतले जात नाही. पेनसिल्व्हेनियाचे वकील व अमेरिकी काँग्रेसचे माजी सदस्य जॉर्ज शिरास तिसरे यांनी आडव्या ताणलेल्या दोऱ्या आणि पेटताच झगझगीत उजेड देणारी मॅग्नेशियमची भुकटी यांच्या साहाय्याने घेतलेली, हरणांसह अनेक प्राण्यांची रात्रीची छायाचित्रे ‘नॅशनल जिओग्राफिक’ मासिकाने जुलै 1906 मध्ये छापली. भारतात 1920च्या दशकात संयुक्त प्रांतातील (आजच्या उत्तर प्रदेश-उत्तराखंडातील) वनाधिकारी एफ. डब्ल्यू. चॅम्पियन यांनी अशीच चित्रे घेतली. तेव्हा स्फोटासरशी जनावर उधळे आणि रात्रीचे काम छायाचित्राच्या एका काचेच्या प्लेटवर संपे. 2018च्या अखिल भारतीय व्याघ्रगणनेत 26,838 ठिकाणी कॅमेरे लावून 3,48,58,623 छायाचित्रे मिळाली. त्यांत वाघांची 76,651 होती.

वाघ पट्ट्यांवरून ओळखता येतो, सांबर ओळखता येत नाही. त्यामुळे हरणांची संख्या काढणे अवघड असते. शंभर कॅमेरा-रात्रींमागे (एक कॅमेरा एक रात्र चालला की एक कॅमेरा-रात्र) मिळालेली चित्रे हा सोपा निर्देशांक पुष्कळ ठिकाणी वापरला जातो, पण तो संख्येइतकाच जनावराच्या हिंडण्यावरही अवलंबून असतो. प्राण्याचा वेग आणि सेन्सरच्या टप्प्याचा कोन हिशेबात धरून, प्रत्येक जनावर न ओळखता घनता काढण्याची रीत रोक्लिफ आणि सहकाऱ्यांनी 2008 मध्ये मांडली.

अभयारण्यात छायाचित्रणासाठी प्रवेश करायचा, तर वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 च्या कलम 28 खाली मुख्य वन्यजीव रक्षकाची परवानगी लागते, आणि अधिवासात बदल होता कामा नये. मीठ किंवा चारा टाकून हरणे बोलावणे त्यात बसत नाही. स्वतःच्या शेताच्या बांधावर, हरभरा रोजडा खातो की रानडुक्कर हे पाहण्यासाठी, कॅमेरा लावायला अडचण नसते. वाटेवरच्या कॅमेऱ्यात सरपणाला निघालेल्या बायका, मोह वेचणारी मुले हीदेखील येतात. अशी चित्रे पाहताक्षणी काढून टाकावीत आणि कॅमेरा कोठे आहे हे जवळच्या गावात आधी सांगून ठेवावे. असे केल्याने चोरीही कमी होते.

देखभालीत सर्वांत क्षुल्लक वाटणारी चूक सर्वांत महाग पडते. काही कॅमेऱ्यांत बॅटऱ्या काढल्या की घड्याळ कारखान्यातील मूळ तारखेवर जाते, आणि अंधारात घाईने नव्या बॅटऱ्या घालणाऱ्याच्या ते ध्यानात येत नाही. मग मोहाखाली मान घालून फुले खाणारे सांबर 1 जानेवारीच्या भर दुपारी, काळ्या आकाशाखाली उभे असलेले दिसते.