मशीन दुकानात आणण्याआधी
सांगली-मिरजेतल्या आमच्या दुरुस्ती-दुकानाच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

सकाळी शटर वर गेलं की पहिलं वाक्य ठरलेलं असतं: "काल रात्रीपर्यंत चालू होता हो, सकाळी बघतोय तर डेड." सीपीयू रिक्षातून उतरतो, टेबलावर येतो, आम्ही वायर लावतो आणि तो चालू होतो. ग्राहक ओशाळतो, आम्ही चहा सांगतो. मिरजेहून, कुपवाडहून, कधी थेट तासगावहून एवढं ओझं आणायचं आणि दोष घरच्या बोर्डात निघायचा, यात रिक्षावाल्याशिवाय कुणाचंच भलं नाही. म्हणून हे पत्रक. "आपलंच गिऱ्हाईक कमी होईल की," असं दुकानातला पोरगा म्हणाला. होऊ दे.

एक गोष्ट इतक्या वर्षांत पक्की कळली आहे. मशीन बिघडतं तेव्हा मूळ दोष पुष्कळदा मशीनच्या अलीकडे असतो. बोर्डात, पिनेत, लाइटमध्ये, धुळीत. तिथून बघायला सुरुवात करा.

आधी बोर्ड

ज्या सॉकेटला सीपीयू किंवा टीव्ही लावला आहे, त्याच सॉकेटला मोबाइलचा चार्जर लावून बघा. मोबाइल चार्ज झाला नाही तर आमच्याकडे येऊ नका, वायरमनला बोलवा. झाला, तर पिन काढून पुन्हा घट्ट बसवा. सीपीयूच्या मागे पॉवर सप्लायवर एक छोटं बटण असतं, झाडू मारताना ते बंद होतं. ही तक्रार आमच्याकडे दिवाळीच्या साफसफाईनंतर हमखास येते.

लॅपटॉप अजिबात चालू होत नसेल तर चार्जर काढा, बॅटरी निघणारी असेल तर तीही काढा आणि पॉवरचं बटण तीसेक सेकंद दाबून धरा. मग नुसता चार्जर लावून चालू करा. आत अडकून राहिलेला चार्ज निघून जातो आणि बरेच लॅपटॉप उठून बसतात. सीपीयूलाही वायर काढून हेच करता येतं.

लाइटचा घोळ

एप्रिल-मे महिन्यात वळीव झाला की दुसऱ्या दिवशी आमच्याकडे एकाच गल्लीतले चार-पाच टीव्ही येतात. लोक म्हणतात वीज पडली. पडतेही. पण पुष्कळदा कारण वेगळं असतं आणि ते समजून घेण्यासारखं आहे.

डीपीवरून, म्हणजे गल्लीतल्या ट्रान्सफॉर्मरवरून, तीन फेज निघतात. दोन फेजच्या मध्ये साधारण ४०० व्होल्ट असतात. तुमच्या घरात त्यातली एक फेज आणि एक न्यूट्रल वायर येते, त्यांच्यात २३० व्होल्ट. आता वाऱ्यात फांदी पडली किंवा जॉइंट सैल झाला आणि न्यूट्रल तुटली, की तुमचं घर आणि दुसऱ्या फेजवरचं शेजाऱ्याचं घर त्या ४०० व्होल्टवर एकापुढे एक जोडल्यासारखं होतं. ज्याच्या घरी गीझर, इस्त्री असा मोठा लोड चालू, त्याच्याकडे व्होल्टेज पडतं. ज्याच्याकडे नुसता टीव्ही आणि दोन बल्ब, त्याच्याकडे ते तीनशेच्या वर चढतं.

टीव्हीच्या पॉवर सप्लायमध्ये लाइट आधी डीसी होते. २३० व्होल्ट आले तर आतल्या मोठ्या कपॅसिटरवर, म्हणजे वीज साठवणाऱ्या पार्टवर, सुमारे ३२५ व्होल्ट साठतात, ३०० आले तर ४२० च्या वर. तो कपॅसिटर बहुधा ४०० किंवा ४५० व्होल्टपर्यंतच सोसणारा असतो. पुढे काय होतं ते सांगायला नको, वासावरून कळतं. त्यातल्या त्यात दिलासा एवढाच की फ्यूज आणि त्याच्याजवळचा व्हॅरिस्टर नावाचा चकतीसारखा पार्ट आधी जातो. तेवढ्यावर निभावलं तर दुरुस्ती स्वस्तात होते. "टीव्ही गेला" म्हणून लगेच भंगारात घालू नका.

याची खूण घरबसल्या कळते. तुमच्या घरातले बल्ब एकाएकी भगभगतात, शेजाऱ्याकडचे मिणमिणतात, पंखा एकाएकी जोरात फिरू लागतो. असं दिसलं की कारण शोधत बसू नका, मेन स्विच पाडा आणि मग १९१२ वर तक्रार करा. गल्लीतल्यांनाही हाक मारा, कारण ज्याच्याकडे दिवा मंद आहे त्याला वाटतं नुसतं व्होल्टेज कमी आहे.

एक्स्टेंशन बोर्डावर लाल दिवा आहे म्हणून तो स्पाइक गार्ड, म्हणजे व्होल्टेजचा झटका अडवणारा बोर्ड, होत नाही. खऱ्या स्पाइक गार्डमध्ये तोच व्हॅरिस्टर असतो आणि प्रत्येक झटक्याबरोबर तो थोडा थोडा झिजतो. दहा वर्षांपूर्वी घेतलेला स्पाइक गार्ड आज नुसता बोर्ड असू शकतो. वीज कडाडायला लागली की उत्तम उपाय फुकटचा आहे: पिन काढा. टीव्हीची काढा, नेटच्या राउटरची काढा, डिशची केबलसुद्धा सोडवा. नुसतं रिमोटने बंद करून उपयोग नाही.

सीपीयूच्या पत्र्याला हात लावला की मुंग्या येतात, ही तक्रारही नेहमीची. सीपीयू बिघडलेला नसतो. पॉवर सप्लायच्या आतल्या फिल्टरचे कपॅसिटर पत्र्याला जोडलेले असतात आणि अर्थिंग नसेल तर पत्र्यावर शंभरेक व्होल्ट तरंगत राहतात. करंट अगदी कमी, म्हणून नुसत्या मुंग्या येतात. तिसरी पिन छाटून दोन पिनांच्या सॉकेटमध्ये घुसवलेली असली की हे होणारच. अर्थिंग करून घ्या. जोराचा शॉक बसत असेल तर मात्र ती वेगळी गोष्ट, तेव्हा पिन काढून थेट वायरमन.

पिवळी धूळ

धूळ सगळीकडे असते. सांगलीत ती पिवळीही असते. मार्केट यार्डातल्या हळदीच्या पेढ्यांवरचे सीपीयू आम्ही न विचारता ओळखतो. पंख्यामागे हळदीचा थर, त्यावर जाळी, त्यात एखादी वाळलेली पाल. हवा जायला वाट नाही म्हटल्यावर प्रोसेसर तापतो. आधी मशीन संथ होतं, मग मध्येच आपोआप बंद पडतं, थोड्या वेळाने चालू केलं की पुन्हा दहा मिनिटं चालतं. हे चक्र दिसलं तर व्हायरस शोधू नका. पंख्याचा आवाज ऐका, मागच्या जाळीवर हात धरून बघा.

सीपीयू बंद करून, वायर काढून, बाजूचं झाकण उघडून मऊ ब्रशने धूळ काढायला हरकत नाही. ब्लोअर मारलात तर पंखा बोटाने धरून ठेवा, तो भन्नाट फिरला की त्याचं बेअरिंग जातं. ओलं फडकं नको. पेढीवर, गिरणीत, पिठाच्या चक्कीशेजारी मशीन असेल तर ते जमिनीवर ठेवू नका आणि दर तीन-चार महिन्यांनी झाडा. घरात वर्षाकाठी एकदा पुरे. प्रोसेसरची उष्णता बाहेर नेणारी त्याच्यावरची पेस्ट वाळली असेल तर ती बदलायचं काम आमच्यावर सोडा.

पंखा फिरतो, पण स्क्रीन काळी

मॉनिटरवर "नो सिग्नल" आलं तर मॉनिटर ठीक आहे, केबल बघा. सीपीयूमागे केबल लावायला दोन जागा असतील तर ग्राफिक्स कार्डाच्या, म्हणजे आडव्या पट्टीतल्या जागेत लावा. तरीही काळंच, आणि आतून बीप-बीप येत असेल, तर बहुधा रॅम हलली आहे. बीप किती आणि कसे वाजतात ते मोबाइलवर रेकॉर्ड करून आणा. त्यावरून आमचं अर्धं काम होतं. हात चालत असेल तर वायर काढून रॅमची पट्टी बाहेर काढा, तिचे सोनेरी दात शाळेतल्या साध्या खोडरबराने हलके पुसा, कण झटकून "कट" आवाज येईपर्यंत परत बसवा.

रोज सकाळी तारीख जुनीच दाखवतो, बँकेची साइट "सुरक्षित नाही" म्हणते? मदरबोर्डवरचा नाण्यासारखा सेल संपला. सीआर२०३२ नावाचा तो सेल घड्याळवाल्याकडेही मिळतो.

यूपीएस लाइट गेल्यावर क्षणभरही टिकत नसेल तर आतली बॅटरी गेली. दोन-तीन वर्षांत ती जातेच, नवा यूपीएस घ्यायची गरज नाही. लेझर प्रिंटर मात्र यूपीएसला लावू नका. तो छापायला लागला की एकदम मोठा लोड ओढतो आणि यूपीएस ओरडून बंद पडतो.

टकटक आवाज आला तर

हार्ड डिस्कमधून टक, टक, टक असा ठेक्यात आवाज येतो तेव्हा आतलं हेड तबकडीवर जागा शोधत असतं आणि त्याला ती सापडत नसते. अशा वेळी "अजून एकदा चालू होतोय का बघू" हे सगळ्यात महाग वाक्य आहे. प्रत्येक वेळी चालू करताना तबकडी घासली जाऊ शकते, आणि जे परत मिळालं असतं तेही जातं. बंद करा, तसंच आणा. एका ग्राहकाने डिस्क रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवली होती, कुणीतरी सांगितलं म्हणून. आत दव धरलं. त्यांच्या मुलीच्या लग्नाचे फोटो त्यात होते.

एसएसडी, म्हणजे न फिरणारी, चिपांची डिस्क, असा आवाज करत नाही, ती न सांगता जाते. म्हणून दुकानाचा हिशेब, फोटो, सातबारा, जे काही असेल त्याची प्रत दुसऱ्या डिस्कवर घ्या आणि ती डिस्क सीपीयूशेजारी नको, कपाटात ठेवा.

टीव्ही, डिश, नेट

आवाज येतो, चित्र नाही? अंधार करून पडद्यावर तिरका टॉर्च मारा. चित्र अंधुक हलताना दिसलं तर पॅनेल शाबूत आहे, मागची एलईडीची पट्टी गेली आहे. तिच्यातले दिवे एकामागे एक जोडलेले असतात, एक गेला की अख्खी ओळ जाते. हे दुरुस्त होतं. पडदा फुटला असेल तर नवीन पॅनेलला जवळपास नव्या टीव्हीएवढा खर्च येतो, तेव्हा आम्ही स्वतःच नको म्हणतो. सेटिंगमध्ये बॅकलाइट शंभरवर असेल तर साठ-सत्तरवर आणा, पट्टी जास्त वर्षं टिकते.

रिमोट चालतो का हे मोबाइलच्या कॅमेऱ्यातून बघा. बटण दाबल्यावर रिमोटच्या टोकाला जांभळट ठिणगी दिसली तर रिमोट बरा आहे. मागच्या कॅमेऱ्यात दिसली नाही तर पुढच्या कॅमेऱ्यात बघा.

भर पावसात डिशचं सिग्नल जाणं हा बिघाड नाही. त्या लहरी पावसाच्या थेंबांत शोषल्या जातात. पाऊस उघडला तरी अर्ध्या तासात आलं नाही, तर मग छतावरची केबल आणि तिचं टोक बघा.

फायबरच्या डब्यावर लाल दिवा लागला असेल तर बहुधा बाहेरची केबल तुटली आहे, नेटवाल्याला फोन करा. दिवे सगळे हिरवे आणि नेट मात्र रडतखडत, तर राउटर फ्रीजमागून किंवा लोखंडी कपाटावरून काढून मोकळ्या जागी ठेवा. मायक्रोवेव्ह चालू असताना नेट अडखळत असेल तर तोच कारण आहे, दोघेही २.४ गिगाहर्ट्झवर काम करतात.

आणि मिक्सर. वाटण चालू असताना एकदम थांबला? पिन काढा, उलटा करा, खाली लाल बटण असतं. दहा मिनिटं थांबून ते दाबा. हे वाचून आमच्याकडे येणारे निम्मे मिक्सर कमी होतील अशी आशा आहे.

पुराचं पाणी

२००५, २०१९, २०२१. गावभागातल्या माणसाला ही वर्षं वेगळी सांगावी लागत नाहीत. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट. २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या पुढे गेलं होतं. तेव्हा पाणी ओसरल्यावर आलेल्या मशीनमधून आम्ही जे शिकलो ते असं.

पाणी चाळीसच्या जवळ आलं की खालच्या मजल्यावरची यंत्रं वर न्या. वेळच नसेल तर मॉनिटर, प्रिंटर राहू दे, नुसता सीपीयू उचला. तोही जमत नसेल तर बाजूचे स्क्रू काढून हार्ड डिस्क खिशात घाला. बाकी सगळं विकत मिळतं.

जे बुडालं ते काहीही झालं तरी चालू करून बघू नका. पाण्याने यंत्र मरतं त्याहून जास्त वेळा ते ओल्यात लाइट दिल्याने मरतं. कृष्णेचा गाळ आत बसलेला असतो, वरून सुकल्यासारखं दिसलं तरी तो ओल धरतो. तांदळात ठेवून काही होत नाही, कणी मात्र आत जाते. पिन काढलेली, बॅटरी काढलेली अशी वस्तू तशीच आणा. आम्ही बोर्ड सोडवून स्वच्छ पाण्याने गाळ धुतो, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुऊन सुकवतो. हो, धुतो. ग्राहक दचकतात.

बुडालेली फिरती हार्ड डिस्क मात्र उन्हात वाळवू नका. बहुतेक डिस्कांना हवेसाठी एक बारीक छिद्र असतं, त्यातून पाणी आत गेलेलं असतं. ते तबकडीवर वाळलं तर गाळ चिकटून बसतो. ओलीच प्लास्टिकच्या पिशवीत बंद करून आणा, आम्ही डेटा काढणाऱ्या लॅबकडे पाठवतो. तो खर्च मोठा असतो, आधी सांगतो.

याला हात लावू नका

मायक्रोवेव्हचं मागचं झाकण. पिन काढल्यावरही आतल्या कपॅसिटरवर जीव घेण्याइतकं व्होल्टेज राहू शकतं. तसंच, लॅपटॉपचा टचपॅड वर आला असेल, बूड टेबलावर डुगडुगत असेल, तर बॅटरी फुगली आहे. चार्जिंग बंद, टोचायचं नाही, दाबायचं नाही, कचऱ्याच्या गाडीत टाकायची नाही. आमच्याकडे द्या, आम्ही ई-कचरा घेणाऱ्यांकडे पोचवतो.

आणायचंच ठरलं तर

लॅपटॉपबरोबर चार्जर आणा. टीव्हीबरोबर रिमोट आणा, स्टँड नको. टीव्ही गाडीत आडवा झोपवू नका, उभा धरून आणा. वॉरंटी चालू असेल तर बिल बघा आणि सील फोडू नका, आधी कंपनीच्या केंद्रात जा. आम्ही उघडलं तर ती वॉरंटी जाईल. विंडोज अकराच्या लॅपटॉपला मदरबोर्डचं काम केल्यावर पुष्कळदा बिटलॉकरची, म्हणजे डिस्कवरच्या डेटाला लावलेल्या कुलपाची, लांबलचक चावी मागितली जाते. ती तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात असते, खात्याचा पासवर्ड आठवून ठेवा. तो पासवर्ड आम्हाला कागदावर लिहून देऊ नका, दुकानात येऊन स्वतः टाका.

खर्चाचा अंदाज आम्ही काम सुरू करण्याआधी फोनवर सांगतो, तुम्ही हो म्हटल्याशिवाय पार्ट बदलत नाही. बदललेला जुना पार्ट पिशवीत घालून परत देतो. दिला नाही तर मागून घ्या, आमच्याकडेच नाही, कुठेही.