डोरियन स्वरश्रेणी

पाश्चात्त्य संगीतातील सात स्वरांची एक श्रेणी (मोड). पियानोवर डी या स्वरापासून वरच्या डीपर्यंत फक्त पांढऱ्या पट्ट्या वाजवल्या, की ती मिळते. स्वरांतरांचा क्रम पूर्ण, अर्ध, पूर्ण, पूर्ण, पूर्ण, अर्ध, पूर्ण असा असून तो उलट वाचला तरी बदलत नाही. नैसर्गिक मायनर श्रेणीहून तिचा फरक एकाच स्वराचा आहे : सहावा स्वर अर्ध्या स्वराने चढा. हिंदुस्थानी परिभाषेत हे काफी थाटाचे, तर कर्नाटक पद्धतीत खरहरप्रिय मेळाचे स्वर होत. मात्र साम्य तेवढ्यापुरतेच. रागाचे चलन डोरियनला नाही आणि डोरियनचा स्वरमेळ (हार्मनी) रागाला नाही.

नावाची परंपरा गुंतागुंतीची आहे. प्लेटोने आपल्या ‘रिपब्लिक’मध्ये शौर्याला साजेशी म्हणून राखलेली डोरियन श्रेणी ही नव्हे. ग्रीकांच्या डोरियन सप्तकप्रकाराचे स्वर आजच्या लेखनपद्धतीत ई ते ई असे मांडतात. डी ते डी या सप्तकाला हे नाव मिळाले ते युरोपातील चर्चसंगीतावरील लॅटिन ग्रंथांत, बहुधा नवव्या-दहाव्या शतकांच्या सुमारास. ग्रीक श्रेणी वरून खाली मोजत, मध्ययुगीन लेखकांनी त्या खालून वर मोजल्या म्हणून घोटाळा झाला, असे स्पष्टीकरण अनेक पाठ्यपुस्तकांत आढळते. ते सुटसुटीत असले तरी पुरेसे नाही. रोमन तत्त्वज्ञ बोईथिअसच्या संगीतविषयक ग्रंथात (सहाव्या शतकाचा प्रारंभ) हीच नावे स्वरस्थानांच्या चढत्या क्रमाने, म्हणजे सर्वांत खालच्या हायपोडोरियनपासून वर, आलेली आहेत. तोच क्रम पुढे ए, बी, सी, डी यांपासून सुरू होणाऱ्या सप्तकांना जसाच्या तसा लावला गेला, तेव्हा चौथे नाव, डोरियन, डीवर येऊन बसले. ग्रीक पद्धतीत मात्र स्थान चढत जाते तसा सप्तकप्रकार उतरत जातो. ही उपपत्ती अधिक ग्राह्य वाटते. स्विस संगीतशास्त्रज्ञ ग्लारेआनुसने १५४७ मध्ये बारा श्रेणींची व्यवस्था लावली, तीतही डोरियनचे स्थान डीवरच राहिले. चर्चगायनात एफ आणि बी यांच्यातील तीव्र चौथे अंतर टाळण्यासाठी बी पुष्कळदा कोमल केला जाई. त्यामुळे प्रत्यक्ष गायनात ही श्रेणी नेहमी शुद्ध रूपात ऐकू येत असे, असे मानू नये. बाखच्या ‘डोरियन’ टोकाटा या ऑर्गनरचनेचे नावही केवळ स्वरलिपीच्या आरंभी कोमल चिन्ह नसल्यामुळे पडले. रचना डी मायनरमधली आहे.

जॅझमध्ये या श्रेणीला स्वतंत्र स्थान मिळाले ते १९५० च्या दशकाच्या अखेरीस. जॅझ-संगीतकार जॉर्ज रसेल यांच्या १९५३ च्या सिद्धांतग्रंथाला त्याचे श्रेय दिले जाते. स्वरसंघ (एकत्र वाजणारे स्वर, कॉर्ड) आणि श्रेणी यांचा मेळ त्यांनी मांडला हे खरे, पण त्यांची पायाभूत श्रेणी लिडियन (पांढऱ्या पट्ट्यांवर एफ ते एफ). डोरियनचा प्रसार मुख्यतः ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिस यांच्या वाद्यवृंदामुळे झाला, असे म्हणणे अधिक सुरक्षित. २ मार्च १९५९ रोजी ध्वनिमुद्रित झालेल्या त्यांच्या ‘सो व्हॉट’मध्ये सोळा मात्राखंड डी डोरियन, आठ ई-कोमल डोरियन आणि पुन्हा आठ डी डोरियन अशी बत्तीस खंडांची बांधणी आहे. मधला भाग पियानोवादकाचा हात एकदम काळ्या पट्ट्यांवर नेतो : पाचही काळ्या, आणि पांढऱ्या फक्त एफ व सी.

याच रचनेत पियानोवादक बिल एव्हान्स यांनी वाजवलेले दोन स्वरसंघ पुढे वादकांच्या नित्य वापरात आले. पहिला ई-ए-डी-जी-बी, दुसरा डी-जी-सी-एफ-ए. दोन्हींत खालून तीन चौथी अंतरे आणि माथ्यावर मेजर तिसरे. बारकावा असा, की पहिल्यात बी आहे पण एफ नाही, दुसऱ्यात एफ आहे पण बी नाही. हे दोन स्वर एकत्र वाजले तर त्यांच्यातील ताण जी सेव्हन्थ या स्वरसंघाची (जी-बी-डी-एफ), म्हणजे सीकडे परतण्याची, ओढ निर्माण करतो आणि डी हा विसाव्याचा स्वर राहत नाही. चढा सहावा स्वर (डी डोरियनमध्ये बी) या श्रेणीचा रंगही आहे आणि तिची अडचणही. म्हणूनच टू-फाइव्ह-वन क्रमातील (श्रेणीच्या दुसऱ्या, पाचव्या व पहिल्या स्वरांवरील स्वरसंघांच्या मालिकेतील) पहिल्या, मायनर सेव्हन्थ स्वरसंघावर अनेक वादक तो जपून वापरतात, तर एकाच स्वरसंघावर रेंगाळणाऱ्या मोडल रचनेत मोकळेपणाने घेतात. जॅझ-पियानोवादक मॅकॉय टायनर यांनी डाव्या हाताने तळाशी डी-ए असे पाचवे अंतर ठोकून वर चौथ्या अंतरांचे स्वरसंघ सरकवण्याची शैली रूढ केली. तळ पक्का असल्याने बीची ओढ तिथे फारशी जाणवत नाही.

बोटांच्या दृष्टीने डी डोरियन सोयीची आहे. दोन काळ्या पट्ट्यांच्या मधोमध असलेली डी ही पियानोच्या पट्ट्यांच्या मांडणीचा सममितीबिंदू आहे. दोन्ही अंगठे तिथून सुरू करून हात परस्परविरुद्ध दिशांना नेले, तर दोघांना तीच स्वरांतरे आणि तीच बोटे लागतात. इतर स्वरांपासून डोरियन काढायची असेल, तर त्या स्वराच्या एक पूर्ण स्वर खालची मेजर श्रेणी घ्यावी : जी डोरियनसाठी एफ मेजर, एसाठी जी मेजर.