मनोविकार साथरोगशास्त्र : संशोधक घडवणारे प्रशिक्षण (मराठवाड्याच्या संदर्भात)

समाजात मनाचे आजार किती आढळतात, कोणाला जास्त होतात, कशामुळे वाढतात आणि आजारी माणसांपैकी किती जण उपचारांपर्यंत पोचतात, हे मोजणारी विद्याशाखा म्हणजे मनोविकार साथरोगशास्त्र. नावातला ‘साथ’ हा शब्द थोडा फसवा आहे. नैराश्य पटकीसारखे एकाकडून दुसऱ्याकडे जात नाही. वैद्यकीय महाविद्यालयांत ‘एपिडेमिऑलॉजी’ हा इंग्रजी शब्द रूढ आहे. या क्षेत्रात संशोधन करू पाहणाऱ्यांसाठी पदव्युत्तर आणि पीएच.डी. स्तरावर जे शिक्षण दिले जाते, त्याची ही नोंद आहे.

फ्रान्समध्ये एमिल दुर्खेम यांनी १८९७ मध्ये आत्महत्यांच्या दरांचा समाजशास्त्रीय अभ्यास मांडला, तेव्हापासून या विचाराची मुळे सापडतात. स्वतंत्र प्रशिक्षण मात्र बरेच नंतरचे. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातील कार्यक्रम १९७२ मध्ये सुरू झाला. भारतात बंगळुरूची निम्हान्स ही मानसिक आरोग्य आणि मेंदूविज्ञानाची राष्ट्रीय संस्था या कामाचे मुख्य केंद्र आहे. तिने २०१५-१६ मध्ये केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १०.६ टक्के प्रौढांना त्या वेळी मनोविकार असल्याचे आढळले, आणि वेगवेगळ्या विकारांत उपचारांपासून दूर राहिलेल्यांचे प्रमाण ७० टक्क्यांहून अधिक निघाले. हे सर्वेक्षण १२ राज्यांत झाले. त्यांत महाराष्ट्र नव्हता. मराठवाड्याबद्दल बोलताना हे आकडे सर्रास वापरले जातात, पण ते इथे मोजलेले नाहीत, हे विद्यार्थ्याला पहिल्याच दिवशी सांगायला हवे.

प्रशिक्षणाचा गाभा एका प्रश्नात आहे : मोजायचे कोणाला? एम.डी.चा प्रबंध तीन वर्षांत उरकायचा असतो. त्यामुळे बहुतेकदा ओपीडीत आलेले रुग्णच अभ्यासाचा नमुना बनतात. पण दहातले सात-आठ जण दवाखान्यात येतच नसतील, तर ओपीडीवरून गावाचा अंदाज बांधता येत नाही. गावात गेले तरी अडचण संपत नाही. बीड जिल्ह्यातून दिवाळीच्या सुमारास ऊसतोड कामगार पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. मुकादमाकडून उचल घेतलेले नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ धरला जातो. जानेवारीत सर्वेक्षण केले तर त्यांच्या घरांना कुलूप असते, किंवा घरात म्हातारी माणसे आणि लेकरे तेवढी भेटतात. अशा वेळी शेजारचे घर घेऊन यादी भरली, तर ज्यांच्या विहिरीला पाणी आहे तेच मोजले जातात आणि सर्वांत पिचलेले लोक आकड्यांतून नाहीसे होतात. म्हणून बंद घराच्या जागी दुसरे घर घ्यायचे नाही, हंगाम संपल्यावर तिथेच परत जायचे, हा नियम अंगी बाणवावा लागतो. तो पाळणे खर्चाचे असते, पण त्याला पर्याय नाही.

दुसरा धडा प्रश्नावलीचा. नऊ प्रश्नांची पीएचक्यू-९ ही नैराश्याची चाचणी सर्वत्र वापरली जाते. तिचे मराठी भाषांतर करून, ते पुन्हा उलट भाषांतराने तपासूनही काम पुरे होत नाही. ‘उदास वाटते का?’ असे विचारले की अनेक बाया ‘नाही’ म्हणतात. त्याच पुढे ‘करमत नाही’, ‘जीव घाबरा होतो’, ‘लई टेन्शन हाय’ असे आपणहून सांगतात. कोणत्या शब्दाने कोणती अवस्था खरोखर पकडली जाते, हे बसून ऐकल्याशिवाय कळत नाही.

शिवाय ही चाचणी म्हणजे चाळणी आहे, निदान नव्हे. समजा, एका गावात १,००० प्रौढ आहेत आणि त्यांपैकी १०० जणांना नैराश्य आहे. चाचणी आजारी माणसांतले ८५ टक्के पकडते आणि निरोगी माणसांतल्या ८५ टक्क्यांना बरोबर सोडते, असे धरू. मग आजारी १०० पैकी ८५ सापडतील, पण निरोगी ९०० पैकी १३५ जणही चाळणीत अडकतील. म्हणजे २२० जणांवर ‘नैराश्यग्रस्त’ असा शिक्का बसेल. खरे आजारी त्यांत निम्मेही नसतील. चाळणीनंतर सविस्तर मुलाखत का लागते, ते या हिशेबातून समजते. हा हिशेब न करता छापलेले आकडे वर्तमानपत्रांत मथळे होऊन जातात, आणि नंतर ते खोडता येत नाहीत.

शेतकरी आत्महत्यांच्या बाबतीत ही काळजी आणखी घ्यावी लागते. जिल्हा समिती प्रकरण ‘पात्र’ की ‘अपात्र’ ठरवते ते एक लाख रुपयांच्या मदतीसाठी. सातबारा, कर्ज, वसुलीचा तगादा हे तिचे निकष. बटईदार, शेतमजूर, सातबाऱ्यावर नाव नसलेली बाई यांची दुःखे त्या यादीत सहसा येत नाहीत. मदतीसाठी केलेली नोंद आणि संशोधनासाठी केलेली मोजणी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

संकटानंतर माणसांचा वर्षानुवर्षे माग ठेवणे हेही शिकावे लागते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसर भूकंपाने उद्ध्वस्त झाला. पुढे गावेच्या गावे नव्या जागी वसली, पत्ते बदलले, मुली सासरी गेल्या. अशा लोकांना पुन्हा शोधून काढण्याचे कौशल्य संगणकावर येत नाही.

या वाटेवर येण्यासाठी डॉक्टरच असावे लागते असे नाही. छत्रपती संभाजीनगरची ‘घाटी’, अंबाजोगाई, लातूर, नांदेड येथील वैद्यकीय महाविद्यालयांतून मनोविकारशास्त्राचे किंवा कम्युनिटी मेडिसिनचे विद्यार्थी येऊ शकतात, तसेच संख्याशास्त्र, मानसशास्त्र किंवा समाजकार्य शिकलेलेही. टाटा समाजविज्ञान संस्थेचे तुळजापूर संकुल तर याच भागात आहे. नंतर दोन वर्षांचे एमपीएच, म्हणजे सार्वजनिक आरोग्यातले पदव्युत्तर शिक्षण, तिरुवनंतपुरमच्या अच्युत मेनन केंद्रात, चेन्नईच्या राष्ट्रीय साथरोगशास्त्र संस्थेत किंवा निम्हान्समध्ये करता येते, त्यापुढे पीएच.डी. मराठवाड्यातल्या मुलामुलींना यासाठी दूर जावे लागते, आणि परतल्यावर संशोधकाची कायम जागा क्वचितच मिळते. या भागाची बोली आणि हंगाम जाणणारी माणसे अशीच निसटतात, ही मोठी हानी आहे.

क्षेत्रकामाला पाठवण्यापूर्वी पीएचक्यू-९ च्या नवव्या प्रश्नाची तयारी करून घेतात. त्यात मरणाचे किंवा स्वतःला इजा करण्याचे विचार येतात का, असे विचारलेले असते. उत्तर ‘हो’ आले तर खूण करून पुढच्या घरी जायचे नसते. तिथेच थांबायचे, फवारणीचे औषध घरात कुठे ठेवले आहे ते विचारायचे, संमतीने घरातल्या विश्वासू माणसाला सोबत घ्यायचे, जिल्हा रुग्णालयातल्या मनोविकारतज्ज्ञांशी फोन जोडून द्यायचा, टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक लिहून द्यायचा आणि दुसऱ्या दिवशी त्या घरी पुन्हा जायचे.