सोलोचा 'ऑ' आणि बान्यूमासचा 'आ'

जावा बेटावर 'काय?' असं विचारायचं झालं तर सोलो (म्हणजेच सुराकार्ता) आणि योग्यकार्ता या राजेशाही शहरांत 'ऑपॉ?' म्हणतात. पश्चिमेकडे बान्यूमास, चिलाचाप, पुर्बालिंगा भागात 'आपा?' म्हणतात. लिहिताना मात्र दोन्हीकडे 'आपा'च.

1755 साली मध्य जावातलं मातारामचं राज्य दुभंगून ही दोन दरबारी शहरं पुढे आली, आणि तिथली बोली जावानीजचं प्रमाण रूप ठरली. बान्यूमासी बोलीला लोक 'ङापाक' म्हणतात; हे नावच 'आपा'च्या तिथल्या उच्चारावरून पडलं. (वाङ्मयातला ङ जावानीजमध्ये शब्दाच्या सुरुवातीलाही येतो.) ही बोली गावंढळ ठरवून तिला हसण्याची रीत जुनी आहे. मला ती फार खटकते, कारण जुना स्वर याच लोकांनी जपलाय.

पुरावा खुद्द प्रमाण भाषेतच सापडतो. 'लारा' म्हणजे दुखणं. सोलोत त्याचा उच्चार 'लॉरॉ'. पण 'त्याचं दुखणं' म्हणताना 'ने' प्रत्यय लागला, की सोलोचा माणूसही 'लाराने' म्हणतो! शब्दाच्या अगदी शेवटी उघडा (म्हणजे पुढे व्यंजन लागून बंद न झालेला) राहिलेला 'आ' तेवढा 'ऑ' होतो आणि आधीच्या उघड्या 'आ'लाही सोबत ओढतो. पुढे प्रत्यय आला की मूळचा 'आ' परत येतो. संस्कृतातून गेलेले शब्दही याच वाटेने गेले: 'राजा'चा सोलोत 'रॉजॉ' झाला. इंडोनेशियाचे पहिले राष्ट्राध्यक्ष सुकार्नो यांचं नाव महाभारतातल्या कर्णावरून आलेलं; त्याच्या शेवटचा 'ओ' याच उच्चाराची खूण.

व्यंजनांचंही तसंच. 'पोट भरलेला' याला बान्यूमासमध्ये 'वारग' म्हणतात, शेवटचा ग् स्पष्ट. सोलोत तो क् होतो. आणि 'बापाक' (वडील) मधला शेवटचा क् सोलोत उच्चारलाच जात नाही, त्याच्या जागी घसा क्षणभर बंद होतो. जेवायला नको म्हणताना लहान मूल 'अँ-अँ' करतं, त्या दोन आवाजांच्या मधे घशात बसतो तसा झटका. बान्यूमासी माणूस हा क् खणखणीत उच्चारतो.

तिकडच्या तरुणांच्या टी-शर्टवर आता एक ओळ छापलेली दिसते: 'ओरा ङापाक, ओरा कपेनाक'. ङापाक नाही, तर मजा नाही. वाचताना शेवटचे दोन्ही क् जोरात म्हणायचे.